कोपरभर पाणी

होणाऱ्या विहीणबाईंच्या घरचं पाणी मुलीच्या आईने तपासायचं, असा प्रसंग नाशकात तरी आजवर कुणावर आला नसेल. सुवर्णा पगार हातातली पेटी सांभाळत देवऱ्यांच्या बंगल्यामागे स्विमिंग पूलपाशी आली, तेव्हा प्रतिभाताई देवरे चहाचा ट्रे घेऊन आधीच तिथे उभ्या होत्या आणि पार अवघडून गेल्या होत्या.

"अहो, तुम्ही कशाला आलात? कुणाला तरी पाठवायचं. मुलीची आई आमच्या टाकीवर ओणवी झालेली बघून लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, हळदीला पाण्यात उतरलो पण कुणाला खाज सुटली नाही," सुवर्णा म्हणाली. "चहा ठेवा झाकून. आधी काम उरकते."

सुवर्णाची एकुलती एक शाल्मली आणि देवऱ्यांचा निनाद यांचं लग्न महिन्यावर आलं होतं. नवरदेवाची हळद पूलच्या काठावर व्हायची होती, आणि हळद लागली की पोरंटोरं त्याला घेऊन पाण्यात उड्या मारणार हे ठरलेलंच. ज्या पाण्यात आपला जावई डुंबणार ते दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडायचं, हे सुवर्णाच्या रक्तात नव्हतं. भाजीवाल्याने निवडून दिलेली वांगीसुद्धा ही बाई परत एकदा उलटून बघायची.

उन्हाळे असे जाळायला लागल्यापासून गंगापूर रोडला बंगला बांधणारा माणूस आधी पूल खणायचा आणि मग पाया. पण पाण्याची बोंब वाढली तसा नियम आला, की एकदा भरलेलं पाणी दोन वर्षं फेकायचं नाही. तेच गाळायचं, तेच जंतू मारणाऱ्या दिव्याखालून फिरवायचं आणि त्यातच पोहायचं. दोन वर्षांचं शिळं पाणी म्हणजे रोगांना घरबसल्या आवतण. म्हणून दर महिन्याला तपासणी सक्तीची झाली आणि सुवर्णाला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. ती या धंद्यात जुनी होती. पाण्यात थेंब टाकून रंग जुळवायचे त्या काळापासूनची. नवरा गेल्यावर याच कामावर तिने शाल्मलीला फिजिओथेरपिस्ट केलं होतं.

ती काठाशी गुडघ्यांवर बसली, बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि बाटली उलटी धरून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. नमुना घ्यायचा तो असाच. वरचं पाणी घेतलं तर तेल, क्रीम, धूळ येते आणि तळाचं घेतलं तर गाळ. खरं पाणी कोपरभर खाली असतं. तिथे बाटली सुलटी करायची, भरू द्यायची आणि पाण्यातच झाकण लावायचं. रबरी हातमोजे घाला असं यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत सांगितलं होतं, पण तिला काम शिकवणाऱ्या खैरनार सरांनी एकदा दरडावून सांगितलं होतं की मोज्यांची पावडर पाण्यात उतरते आणि आकडे बिघडतात. गुरूचा शब्द. मोजे गाडीच्या डिकीत पडून होते.

झाकण लावताना बाटली तिच्या बोटांतून निसटली आणि परत हात घालावा लागला. लग्नाच्या दगदगीने हल्ली असं फार व्हायचं.

तिचं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. 'नितळ' त्याचं नाव. करायचं ते काम मात्र जबरदस्त. माणूस पाण्यात उतरला की काहीतरी मागे सोडतोच. कातडीचे कण, थुंकीचा अंश, केसाचा तुकडा. अशा कणांत डीएनए असतो, म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब धागा. यंत्रातल्या पडद्याला इतकी बारीक छिद्रं, की एका वेळी एकच धागा आत शिरावा. धागा सरकताना छिद्रातली वीज अक्षरागणिक किंचित कमीजास्त होते, आणि त्यावरून यंत्र तो धागा वाचतं. जंतूचा असला तर जंतूचं नाव सांगतं. माणसाचा असला तर सोडून देतं, कारण कायदा तसं म्हणतो.

म्हणजे परवापरवापर्यंत सोडून द्यायचं. गेल्याच आठवड्यात त्याच्यात नवी सुधारणा आली होती. घरातल्या सगळ्यांनी संमती दिली, तर माणसांचे धागेही तपासून कुणाला पुढे कोणता आजार होऊ घातलाय ते यंत्र सांगणार होतं. संमती नसली तर ती माहिती कुलूपबंद. किल्ली तपासनिसाच्या अंगठ्यात, कारण यंत्राची दुरुस्ती त्याला करावी लागते. ही सुधारणा आल्यावर सुवर्णा तपासत होती ते हे पहिलंच पाणी.

यंत्राची शिट्टी वाजली. जंतू नाहीत, पाणी उत्तम. आणि त्याखाली एक पिवळी ओळ: 'मानवी धागे: एक गंभीर दोष. संमतीशिवाय उघडू नये.'

ज्या शहाण्याने ही ओळ यंत्रात घातली, त्याला मुलगी नसणार.

"काय आलं हो?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"एकदम छान पाणी," सुवर्णा म्हणाली. तिने गार झालेला चहा उभ्याउभ्या घशाखाली ढकलला, गाडीत जाऊन बसली, काच वर केली आणि अंगठा टेकवला.

हंटिंग्टन. आकडा चव्वेचाळीस.

तिने गाडीतच बसून त्याबद्दल सापडेल ते वाचलं. एका जनुकात तीन अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. चारचौघांत तो पंधरा-वीस वेळा येतो. चाळीसच्या वर गेला की आजार होणारच, त्यातून सुटका नाही. चाळिशी-पन्नाशीपर्यंत माणूस ठणठणीत असतो. मग बोटं आपोआप हलायला लागतात, चाल बिघडते, तोल जातो, स्वभाव ओळखू येईनासा होतो, आणि शेवटी घास गिळणंही जमत नाही. नवी औषधं निघाली होती ती आजार थोडा लांबवायची, घालवायची नव्हेत. आणि आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी.

धागा कुणाचा ते यंत्र सांगत नव्हतं. त्या पाण्यात पोहणारी माणसं तीन: प्रतिभाताई, त्यांचे यजमान शशांकराव आणि निनाद. निनादचा असला तर शाल्मलीचं आयुष्य नवऱ्याला भरवण्यात आणि धरून चालवण्यात जाणार. आईचा किंवा बापाचा असला तरी टांगती तलवार निनादवर होतीच. आणि मग पोरं, आणि त्यांची पोरं.

घरी पोचली तेव्हा शाल्मली पलंगावर साड्या पसरून बसली होती.

"लग्न थोडं पुढे ढकलू या का?" सुवर्णाने पर्स ठेवता ठेवता विचारलं.

"का?"

"पत्रिकेत काहीतरी आहे म्हणतात."

शाल्मली हसायलाच लागली. "तू? आणि पत्रिका? शनीला तेल घालणाऱ्या मावशीची वर्षभर टिंगल करणारी बाई तू. काय झालंय आई?"

सुवर्णाला खोटं बोलायला जमायचं नाही. दोन वेळा ती स्वयंपाकघरात जाऊन आली, एकदा उगाच गॅस पुसला आणि शेवटी सगळं सांगून टाकलं. शाल्मलीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिने असा एक रुग्ण बघितला होता. आठवड्यातून दोनदा ती त्याला चालायला शिकवायची आणि आठवड्यागणिक तो थोडा जास्त विसरायचा.

"तुला हे बघायचा अधिकार नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता. मग काय करू? बघितलं ते न बघितल्यासारखं करू, आणि तुझ्यावर अक्षता टाकू?"

"निनादला असला तर तो काय दोषी आहे का?"

"दोषी कुणीच नाही. पण माझी मुलगी विहिरीत पाय टाकतेय आणि मला विहीर दिसतेय. मी गप्प बसणार नाही."

शाल्मलीने साड्यांची घडी घातली, परत मोडली. "मग त्यांच्यामागे कुजबुज नको. त्यांच्या तोंडावर सांग. आणि मी तुझ्याबरोबर येणार."

देवऱ्यांच्या दिवाणखान्यात जे झालं ते सुवर्णा जन्मभर विसरणार नव्हती. तिने मान खाली घालून सांगितलं. शशांकराव मोठे द्राक्षबागायतदार, दहा माणसांत आवाज असलेला माणूस, पण ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. निनाद शाल्मलीकडे बघत होता. बोलल्या त्या प्रतिभाताईच.

"तुम्ही आमच्याकडे चहा घेतलात. पाणी छान आहे म्हणालात. आणि गाडीत बसून आमचं रक्त वाचलंत?"

"चुकले मी, ताई. तक्रार करा, माझा परवाना जाऊ द्या. पण तुम्ही तिघांनी रक्त तपासून घ्या. त्याशिवाय मी हळद लावू देणार नाही."

"काकू," निनाद सावकाश म्हणाला, "मला कळून घ्यायचं नसेल तर?"

सुवर्णाने त्याच्याकडे पाहिलं. पोरगा सत्तावीस वर्षांचा, केसांना अजून बागेतली धूळ लागलेली. तिला त्याची दया आली. पण दया आली म्हणून मुलगी कुणी देत नाही.

"तुला लग्न करायचंय ना? मग कळून घ्यावं लागेल," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिघेही इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तासभर समोर बसवून हा आजार म्हणजे काय, कळून घेणं म्हणजे काय आणि न कळून घ्यायचाही हक्क असतो हे नीट समजावलं आणि मग रक्त घेतलं. शाल्मली बाहेर बाकावर बसून होती. सुवर्णाला कुणी बोलावलं नव्हतं.

निकालाची वाट बघण्यात दिवस कसे गेले ते विचारू नका. काम तर थांबत नव्हतं. मखमलाबादला एका बंगल्यात तिने कोपरभर हात घातला, बाटली भरली, आणि यंत्राने परत तीच पिवळी ओळ दाखवली. सुवर्णाने कपाळाला हात लावला. कुणाच्या घरात काय जळतंय, आणि आपल्यालाच का दिसावं? या वेळी अंगठा टेकवायचा नाही असं ठरवून ती गाडीपर्यंत गेली. गाडीत बसल्यावर टेकवलाच. एकदा मोडलेला नियम दुसऱ्यांदा मोडायला कितीसा वेळ लागतो.

हंटिंग्टन. चव्वेचाळीस.

त्यानंतर सातपूरच्या एका रिसॉर्टचा पूल होता. तिथेही पिवळी ओळ, तिथेही चव्वेचाळीस.

सुवर्णा गाडीच्या सीटवर मागे रेलली आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळं हसू आलं. हा आजार लाखांत पाच-सात जणांना. तीन ठिकाणी, एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन पाण्यांत, तोच आजार आणि तोच आकडा? शक्यच नाही. म्हणजे यंत्र बिघडलं होतं. नव्या सुधारणेने घोळ घातला होता. देवऱ्यांच्या पाया पडून माफी मागावी लागणार होती, आणि सात वेळा पडायलाही ती आनंदाने तयार होती. पण या वेळी तोंड उघडायच्या आधी खातरजमा करायची, असं तिने ठरवलं. वाटेत औषधाच्या दुकानातून शुद्ध पाण्याच्या सीलबंद बाटल्या घेतल्या.

घरात दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं. तिने सील फोडलं आणि पाणी बाटलीतून थेट यंत्रात ओतलं. ज्यात कधी कुणी उतरलं नाही असं पाणी. आता त्यातही चव्वेचाळीस आलं की झालं, यंत्राचा खोटेपणा सिद्ध.

शिट्टी वाजली. 'जंतू नाहीत. मानवी धागे नाहीत.'

सुवर्णा ओट्याशी तशीच उभी राहिली. यंत्र बिघडलं नव्हतं. मग बाटल्या खराब असतील, नमुन्याच्या. तिने नवी कोरी बाटली काढली, स्टीलचं मोठं पातेलं उकळत्या पाण्याने विसळलं, त्यात उरलेलं शुद्ध पाणी ओतलं. बाही वर केली. हात साबणाने दोनदा धुतला. मग रोज करायची तसंच केलं: बाटली उलटी धरली, हात बुडवला, बाटली सुलटी केली, भरली, पाण्यातच झाकण लावलं.

यंत्र गुरगुरत होतं तेवढ्या वेळात तिला सगळं उमगत गेलं, आणि उमगू नये म्हणून ती देवाचं नाव घेत राहिली. इतकी वर्षं ती उघडा हात पाण्यात घालत होती. यंत्र जंतू शोधायचं, माणसाचे धागे सोडून द्यायचं, त्यामुळे तपासणाऱ्याच्या कातडीने काही बिघडायचं नाही. मोजे घाला असं सांगणाऱ्याला कारण माहीत होतं. तिने गुरूचं ऐकलं होतं.

पिवळी ओळ आली. तिने अंगठा टेकवला. चव्वेचाळीस.

तिचे वडील सटाण्याला शिक्षक होते. पन्नाशीच्या आत त्यांचे पाय लटपटायला लागले, जीभ जड झाली, वर्गात खडू हातातून गळायचा. गाव म्हणायचं, गुरुजी प्यायला लागले. आई शपथेवर सांगायची की या माणसाने थेंबाला शिवलेलं नाही, आणि लोक तोंड फिरवून हसायचे. शाळेने त्यांना घरी बसवलं. ते गेले तेव्हा खांदा द्यायलाही माणसं कमी पडली. सुवर्णासुद्धा मनातून मानत आली होती की बाबा कुठेतरी चोरून घेत असतील. आता ओट्याला धरून ती रडली, आधी त्यांच्यासाठी आणि मग स्वतःसाठी.

मग तिने सटाण्याला धाकट्या भावाला, दिलीपला, व्हिडिओ फोन लावला. काही सांगायला नाही, नुसतं बघायला. दिलीप शेतात उभा होता, कांद्याबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याचा डावा खांदा उगाच उडत होता. थोड्या वेळाने परत उडाला. त्याचं लक्षही नव्हतं.

"ताई, तुझा आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीय रे. नंतर करते."

फोन ठेवून ती स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. टेबलावर ठेवलेला हात तिने सांगितलं नव्हतं तरी हलत होता. दगदग म्हणून ज्याला इतके दिवस खपवलं होतं, ते हे.

आणि शाल्मली? निम्मी शक्यता. जी तलवार निनादच्या डोक्यावर बघून तिचं काळीज फाटलं होतं, ती तिच्याच पोरीच्या डोक्यावर होती, जन्मल्या दिवसापासून. सुवर्णाला इतकी भीती वाटली की तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, जणू कुणी आत येऊन तिच्या तोंडावरून ते वाचणार होतं.

एक वाट मोकळी होती. देवऱ्यांचे निकाल चांगले येणार, हे आता तिला माहीत होतं. यंत्र चुकलं, एवढंच म्हणायचं. सगळे सुटकेचा श्वास टाकतील, लग्न लागेल, पोरगी सुखाने नांदेल. निदान काही वर्षं. ती बराच वेळ तिथे, त्या विचारापाशी बसली. तिला तो फार आवडला.

दार धडाधडा वाजलं. सुवर्णाने कडी काढली, आणि शाल्मली आत आली ती आईच्या गळ्यातच पडली.

"तिघांचेही निकाल आले. काही नाही, आई. निनादला काही नाही. तुझं यंत्रच खुळं आहे. प्रतिभाकाकू म्हणाल्या, झालं गेलं गंगेला मिळालं, आता आईला सांग हळदीच्या तयारीला लाग."

सुवर्णा हसली नाही. शाल्मलीने तिला खांद्यांना धरून थोडं लांब केलं आणि पाहिलं. मग ओट्यावरचं पातेलं पाहिलं, फुटलेली सीलं पाहिली, यंत्र पाहिलं. पोरगी हुशार होती. आईने वर केलेली बाही तिच्या लक्षात आली.

"कुणाचा हात होता पाण्यात?" तिने हळूच विचारलं.

सुवर्णाने यंत्र चुकलं म्हणायला तोंड उघडलं. पण ज्या मुलाला तिने जबरदस्तीने सुईखाली बसवलं होतं, त्याच्या घरात खोटं घेऊन मुलीला पाठवणं तिच्याने होईना. "माझा," ती म्हणाली. "सगळीकडे माझाच."

शाल्मली खुर्चीवर बसली. आईचा हात तिने स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाली, "मी तुझी बोटं बघत होते, आई. दोन महिने बघतेय. मी रोज रुग्णांची बोटं बघते. आणि तरी मला वाटत होतं, लग्नाची दगदग."

"तुला नसेल गं. निम्म्यांना नसतो."

"आणि निम्म्यांना असतो." ती उठली. पातेलं बेसिनमध्ये रिकामं केलं, गरम पाण्याने विसळलं आणि शेवटची सीलबंद बाटली त्यात ओतली. नवी नमुन्याची बाटली घेतली आणि आईला अडवायला वेळच न देता स्वतःचा हात त्यात बुडवला. भरलेली बाटली तिने यंत्राला लावली, बटण दाबलं आणि यंत्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"निनादला तू निवड ठेवली नाहीस. मग मला तरी का असावी?"

यंत्र गुरगुरायला लागलं. दोघी तिथे उभ्या होत्या. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. शाल्मलीचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि ओला हात तिने छातीशी धरला होता.

"आई," ती एकदम म्हणाली, "नको. मला नाही कळून घ्यायचं. मला लग्न करायचंय, मला उद्या उठून कामावर जायचंय. हे डोक्यात घेऊन मला नाही जगता येणार."

शिट्टी वाजली.

निकाल तयार होता. पिवळी ओळ होती की नव्हती, ते पडद्यावर आलेलं होतं, भिंतीकडे तोंड करून. पुसायला अंगठा सुवर्णाचाच लागणार होता.

"पूस ते," शाल्मली पाठ फिरवून म्हणाली. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. "न बघता पूस."

सुवर्णाने ओट्यावरचं फडकं उचललं. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये ते सरकवून तिने पडदा पुरता झाकला. मग डोळे मिटले. पुसायची जागा कुठे आहे ते तिच्या हाताला पाठ होतं. फडक्याखाली अंगठा चाचपडत खालच्या कोपऱ्यात गेला, आणि तिथे तो क्षणभर थांबला. नुसतं फडकं उचलायचं होतं. बघितलं तर निदान एकीला तरी ठाऊक असेल, वेळेवर औषध सुरू करता येईल, आणि नसलाच तर उरलेलं आयुष्य ही भीती नाही. आई होती ती. पण तिने दाबलं. डोळे मिटलेलेच होते. यंत्राने दोनदा बारीक आवाज केला आणि सगळं पुसलं गेलं.

"पुसलं," ती म्हणाली.

शाल्मली वळली. "न बघता?"

"न बघता."

शाल्मलीने मान हलवली. पण ती आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, डोळ्यांकडे, ओठांकडे, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

देवऱ्यांकडे दोघी संध्याकाळी गेल्या. शाल्मलीने निनादला बागेत नेऊन सांगितलं, आणि सुवर्णाने दिवाणखान्यात प्रतिभाताईंना. सांगताना तिने काहीच हातचं राखलं नाही.

प्रतिभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझ्या पोराचं रक्त घेतलं त्या दिवसापासून मी देव पाण्यात ठेवून बसले होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तोंडावर शिव्या द्यायच्या असं ठरवलं होतं मी. रोज एकेक जमवत होते." त्या उठून सुवर्णाच्या शेजारी येऊन बसल्या. "शाल्मलीचं रक्त मी मागणार नाही. तुम्ही मागितलंत ना, तेव्हा घर कसं होतं ते मी पाहिलंय. तसं मी कुणाच्या घरात करणार नाही."

निनाद आणि शाल्मली बागेतून आले तेव्हा त्याने तिचा हात धरलेला होता. लग्नाची तारीख बदलली नाही.

हळदीला पूलचं पाणी तसंच राहिलं, त्यात उतरायचं कुणाच्या मनात आलं नाही. नवरदेवाची उष्टी हळद वाटीत घेऊन प्रतिभाताई स्वतः सुवर्णाकडे आल्या आणि पहिलं बोट त्यांनी सुवर्णालाच लावायला दिलं. विधवेने हळदीला शिवू नये असलं काही त्या घरात चालत नव्हतं, आणि चाललं असतं तरी प्रतिभाताईंनी चालू दिलं नसतं. सुवर्णाने शाल्मलीच्या गालाला हळद लावली. बोट थरथरलं. शाल्मलीने ते बोट धरून ठेवलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग. बघितलं होतंस ना?"

"नाही गं बाळा. शपथ."

"गाडीत बसून त्यांचं बघितलं होतंस."

"तुझं नाही बघितलं."

शाल्मली हसली आणि पुढच्या बाईकडे तिने दुसरा गाल केला.

लग्न लागलं. जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली तेव्हा नेहमीप्रमाणे आधी मावशीने सूर लावला आणि मग सगळ्याच बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुवर्णाच्या गळ्याशी हुंदका आला होता. पण शाल्मली गाडीच्या दारात उभी राहून तिच्याकडेच बघत होती, एकटक, उत्तरासारखं काहीतरी शोधत. सुवर्णाच्या मनात आलं, आपण रडलो तर हिला वाटेल, आईला ठाऊक आहे. म्हणून तिने दात आवळले, हुंदका गिळला आणि कोरड्या डोळ्यांनी, हसऱ्या तोंडाने लेकीला हात केला.

सगळा मांडव रडत होता. आपली आई, जी सिनेमातल्या पाठवणीलाही रडायची, ती आज रडत नाहीये हे शाल्मलीने पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. निनादने तिला आधार देऊन आत बसवलं, दार लागलं आणि गाडी निघाली. काचेमागून ती अजूनही आईच्या कोरड्या डोळ्यांकडे बघत होती.